चार तिखट, तीन फिके

ओफुरेला गणिताची भीती कधी वाटली नाही. त्या दिवशी मात्र गणिताच्या पेपराला बसताना तिचे हातपाय गार पडले होते, आणि त्याचं कारण प्रश्नपत्रिकेत नव्हतंच. कारण शाळेच्या मागच्या कुंपणाशी, डोक्यावर परात घेऊन उभं होतं. ती तिची आई.

आई अकारा विकायची, म्हणजे चवळीचे तळलेले वडे. चवळी भिजवायची, चोळून चोळून सालं काढायची, वाटायची, हात भरून येईपर्यंत पीठ फेटायचं आणि मग कढईत सोडायचं. उबियाजा गावच्या रस्त्यावर तिच्यासारखे अकारा कोणाचे नव्हते आणि तिच्यासारखा आवाजही कोणाचा नव्हता. बाई ओरडली की चर्चच्या वळणावरची कोंबडीसुद्धा बाजूला व्हायची. तिला नावाने कोणी ओळखत नसे, लहानथोर सगळे ‘ओफुरेची आई’ म्हणत. आणि एक खोड होती तिला, परातीत नसेल ते ओरडायचं नाही. अकारा गार झाले की ‘गरम गरम’ म्हणायला तिची जीभच वळायची नाही. ‘गार झालेत, पण चांगलेत!’ असं खुशाल ओरडायची. शेजारच्या विकणाऱ्या बाया पोट धरधरून हसायच्या. नसलेलं ओरडलं की त्या दिवशी गिऱ्हाईक पाठ फिरवतं, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं, आणि ते तिने पदराला गाठ मारल्यासारखं जपलेलं.

अशा बाईला कॉपी पुरवायच्या कामाला जुंपायचं, ही अक्कल संस्थाचालक ऐगबोखान यांची. या माणसाच्या शाळेत दरवर्षी गणितात झाडून सगळे पास व्हायचे. अशा शाळांना आमच्याकडे ‘चमत्कार केंद्र’ म्हणतात, आणि म्हणणारे काही कौतुकाने म्हणत नाहीत. आजवर चमत्कार सोपा होता. हॉलमधल्या पर्यवेक्षकाला पोटभर जेवायला घालायचं, मग गणिताचे ओडियन सर फळ्यावर उत्तरं लिहायचे. यंदा मात्र परीक्षा मंडळाची जीप न सांगता कुठेही येऊन थडकत होती. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गावात चिठ्ठ्या पुरवणाऱ्या एका बाईला बंदुकीच्या धाकाने जीपमध्ये घालून नेलं. ती अजून घरी आली नव्हती. तिची पोरं शेजाऱ्यांकडे जेवत होती. 

ऐगबोखानने फळा सोडला आणि ओफुरेच्या आईचा आवाज धरला. सर शाळेच्या स्वयंपाकघराच्या आडोशाला बसून पेपर सोडवणार, कुंपणातून उत्तर तिच्या कानात सांगणार, आणि ती ते अकारा विकल्यासारखं ओरडणार. नुसती संख्या असली तर तेवढे अकारा. पण अवयव पाडायचं गणित आलं की चिन्हं लागतात. त्यासाठी सरांनी भर वर्गात खूण शिकवली.

“तिखट म्हणजे अधिक,” सर खाली मान घालून म्हणाले. “मिरची आपण घालतो. घातलं म्हणजे अधिक. फिका म्हणजे उणे, मिरची काढली. कळलं?”

“सर, आणि कांदा म्हणजे?” ओफुरेच्या शेजारच्या इतोहानने विचारलं.

“कांदा म्हणजे तू वर्गाबाहेर!”

वर्ग हसला. ओफुरे हसली नाही. सर तसे वाईट नव्हते. अवयव पाडायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि इतकं छान शिकवलं होतं की तिला कुणाच्या ओरडण्याची गरजच नव्हती. पण संस्थाचालकापुढे सर नांगी टाकायचे. त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना ओफुरेला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

पेपराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आई अंगणात चवळीची सालं काढत बसली होती. ओफुरे तिच्यासमोर उकिडवी बसली.

“आई, तू नको ना जाऊस उद्या.”

“मग कोण जाणार? तुझा मेलेला बाप?”

“मस्करी नको. त्या पलीकडच्या गावच्या बाईला नेलं ना जीपमधून.”

“ती चिठ्ठ्या वाटत होती. मी अकारा विकणार. अकारा विकणं गुन्हा आहे?”

“अगं, ही पण कॉपीच आहे!”

आईचे हात पाण्यात थांबले. “मला शिकवू नकोस. ठाऊक आहे मला. तुझं परीक्षेचं कार्ड त्या माणसाच्या टेबलात आहे, आणि कुंपणाशी बसायची माझी जागाही त्याची. मी नाही म्हटलं तर उद्या तू हॉलमध्ये बसशील कशी? सांग ना. तू हुशार आहेस, तूच सांग.”

 आईने पुन्हा सालं काढायला घेतली. मग ती मोठ्याने कुरकुरायला लागली. “आणि फिके अकारा, म्हणे! फिका अकारा खातं कोण? आजारी माणूस, नाहीतर दात न आलेलं पोर. असलं काही मी जन्मात तळलं नाही, आणि ओरडायचं मात्र मी. ह्या मास्तरांना ना खाणं कळत ना विकणं.”

सकाळी ओफुरे उठली तेव्हा आई तळण आटपून निघूनही गेली होती. झाकून ठेवलेली वाटीभर पेज होती आणि बाजूला एक अकारा. ओफुरेने तुकडा मोडून तोंडात टाकला. मिरचीचं नाव नाही! रात्रभर पोटात कालवत होतं हे आईने ओळखलेलं दिसतं, माझ्यापुरतं चमचाभर पीठ बाजूला काढलं बिचारीने. तिला रडूच आलं. खाववत नव्हतं तरी तिने तो सगळा खाल्ला आणि शाळेची वाट धरली.

फाटकाशी ऐगबोखानने तिचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. हॉलमध्ये तिची जागा मागच्या खिडकीला लागून होती. खिडकीबाहेर केळी, केळींपलीकडे कुंपण, कुंपणाशी आई. पर्यवेक्षक भरल्या पोटी खुर्चीत पेंगत होता. पेपर हातात आला. पहिली गणितं तिने भराभर सोडवली. बाहेरून आईचा आवाज अधूनमधून येत होता, ‘अठरा अकारा घ्या!’, आणि हॉलमध्ये एकदम सगळ्यांची पेनं चालायची. दर वेळी ओफुरेचे खांदे आखडायचे. आवाज आपल्याच घरातला आणि अंगावर काटा येतोय, असं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग ते गणित आलं. अवयव पाडा: x² − x − 12.

इतोहानने तोंडावर हात घेऊन विचारलं, “ए, ह्याला सर्वशक्तिमान सूत्र लावू?” वर्गसमीकरणाच्या त्या लांबलचक सूत्राला आमच्याकडची पोरं असंच म्हणतात, आणि देवापेक्षा जास्त त्याच्यावर विसंबतात.

“‘अवयव पाडा’ म्हटलंय. सूत्र लावलंस तर शून्य मार्क मिळतील,” ओफुरे कुजबुजली. “गप्प बस आता.”

अशा दोन संख्या हव्यात की गुणाकार उणे बारा आणि बेरीज उणे एक. दोन आणि सहा? बेरीज जमत नाही. चार आणि तीन. बेरीज उणे यायची तर मोठी संख्या उणे, म्हणजे उणे चार आणि अधिक तीन. तिने दोन कंस लिहिले, एकात x − 4, दुसऱ्यात x + 3. सर नेहमी म्हणायचे, “पाडलंत ना? आता परत बांधून बघा.” तिने कंस परत गुणून बघितले. मधे उणे x, शेवटी उणे बारा. बरोबर. आता बाहेरून ‘तीन तिखट, चार फिके’ असं ऐकू येईल, सगळे लिहितील आणि एकदाची ही कटकट संपेल.

पण ऐकू आली ती जीप.

पुढच्या फाटकातून सरळ आत आली. दारं आपटली. पर्यवेक्षक खुर्चीतून असा उठला की खुर्चीच उलटी पडली. दोन बंदूकवाले शिपाई दारात उभे राहिले आणि त्यांच्यामधून एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली, ठेंगणीशी बाई आत आली. एकानेम बाई, परीक्षा मंडळाच्या निरीक्षक.  ओफुरेने मागच्या खिडकीकडे पाहिलं. जीप पुढच्या बाजूला होती. मागे कुंपणाशी आईला त्यातलं काहीच दिसणार नव्हतं.

देवा, तिला आता ओरडू देऊ नकोस. घसा बसू दे तिचा. खोकला येऊ दे.

“चार तिखट, तीन फिके!” केळींच्या पलीकडून आवाज आला, खणखणीत, चर्चच्या घंटेसारखा. “घ्या, चार तिखट, तीन फिके!”

ओफुरेचे डोळे मिटले गेले. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी टोचलं. हे उलटं आहे! तीन तिखट, चार फिके हवं. चार अधिक आणि तीन उणे केले तर मधली राशी अधिक होते, पेपरात ती उणे आहे. सरांचं चुकलं? सरांचं असं चुकत नाही. आजूबाजूला मात्र भीतीने पांढरी पडलेली पोरं, निरीक्षक दारात असताना, हात आडवा धरून लिहीतच होती. इतोहाननेही लिहिलं. चाळीस पेपरांवर तीच चूक, तीच चिन्हं. 

एकानेम बाई थांबल्या. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं.

“चार तिखट, तीन फिके!”

“ही बाई मोजून का ओरडते?” त्या कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या. “अकारा विकणारी ‘अकारा’ म्हणून ओरडते. हिशेब कशाला सांगते गावाला?” आणि त्या सरळ खिडकीकडे, म्हणजे ओफुरेकडेच आल्या.

“काय नाव तुझं?”

“ओफुरे, मॅडम.”

“बाहेर कोण ओरडतंय, ओफुरे?”

“अकारावाली आहे, मॅडम. रोजचीच.” आपली आई आहे हे तिच्या ओठांशी आलं होतं, पण तिने ते गिळलं.

बाईंनी तिचा पेपर उचलला. चष्मा जरा वर केला. नजर खाली खाली येत गेली आणि त्या दोन कंसांवर थांबली. 

“वा!” बाई हळूच म्हणाल्या. “तुझ्या कंसात चार आणि तीन. तिच्या परातीतही चार आणि तीन. काय योगायोग आहे!”

दारातला एक शिपाई बंदूक ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत मागच्या बाजूला बघायला लागला. आता गप्प बसलो तर आई गेली, हे ओफुरेला कळलं.  

“मॅडम, ते उत्तर असेल तर... चुकीचं आहे.”

“काय?”

ओफुरे उभी राहिली. तिने आवाज चढवला, मागच्या बाकापर्यंत पोचेल इतका. “चार अधिक आणि तीन उणे घेतले तर कंस परत गुणून बघा, मॅडम! मधली राशी अधिक येते. पेपरात उणे आहे. उणे चार आणि अधिक तीन हवेत! उत्तर सांगायला आलेली बाई चुकीचं उत्तर कशाला सांगेल?”

तिच्या मागे एक बारीक खरखर झाली. खोडल्याचा आवाज. एक, मग दुसरा, मग सगळ्या हॉलभर. बाईंनी मान वळवली तसा तो थांबला. सगळी डोकी पेपरात.

बाई पुन्हा ओफुरेकडे वळल्या. चेहऱ्यावर रागही नव्हता, त्यानेच ओफुरे जास्त घाबरली. “हुशार आहेस. पण एक सांग, तिखट म्हणजे अधिक हे तुला कुणी सांगितलं?”

 आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला! “मिरची... मिरची घालतात ना, मॅडम. म्हणून मला वाटलं...”

“वाटलं! आणि मी म्हटलं की तिखट म्हणजे उणे, तर? मग तिचं ओरडणं तुझ्या उत्तराशी चिन्हासकट जुळतं. बरोबर?”

बरोबर होतं. ओफुरेला ते बाईंच्या आधी दिसायला हवं होतं.  डोळ्यांपुढे सारखी ती पलीकडच्या गावची बाई येत होती, आणि शेजाऱ्यांकडे जेवायला बसलेली तिची पोरं.

बाईंनी पेपर खाली ठेवला. “गणित माझा विषय नाही. मी कालाबारची आहे, तिकडच्या बायकांच्या हाताची चव सगळीकडे नावाजलेली. स्वयंपाकात मला कुणी फसवू शकत नाही. अकारा एका पिठाचे असतात, एकदा मिरची पडली की परातभर सगळे तिखट. दोन पिठं कोण फेटत बसतं? चला, बघू तिच्याकडे फिके अकारा आहेत का. असले तर ती अकारा विकते. नसले तर ती काय विकते ते मला कळलं.”

त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. शिपाई त्यांच्या मागे.

ओफुरे खाली बसली नाही, तिला बसताच येईना. आई जन्मात फिके अकारा तळत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काल संध्याकाळीच म्हणाली होती. सकाळी एक केला, तो माझ्यापुरता, आणि तो मी खाऊन बसले. आता परातीत काय असणार? सगळे तिखट. गेली आई. माझ्या कार्डापायी गेली.

“बस ना गं,” इतोहान रडवेल्या आवाजात म्हणाली. “सगळ्यांना पकडतील.”

ओफुरेने खिडकीचा गज धरला. केळीच्या पानांमधून दिसत होतं. स्वयंपाकघराच्या आडोशाला ओडियन सर होते, ते शिपाई दिसताच चक्क लाकडांच्या ढिगामागे आडवे झाले. आईने बंदुका बघितल्या. तिचा हात परातीच्या काठावर घट्ट आवळला गेला. ती पळाली नाही, पण तिची पाचावर धारण बसलेली ओफुरेला तिथूनसुद्धा दिसत होती.

“काय विकतेस?” एकानेम बाईंनी विचारलं.

“अकारा, मॅडम.”

“मग दे. ओरडलीस ना? चार तिखट, तीन फिके. तेवढेच दे.”

आईने परात खाली ठेवली. फडकं उचललं. कागद घेतला. एक, दोन, तीन, चार, असे तिने अकारा कागदावर ठेवले. मग तिचा हात थांबला. ओफुरेने गजावर कपाळ टेकलं. तिला पुढचं बघवत नव्हतं आणि डोळेही मिटवत नव्हते. आईने परातीच्या एका कोपऱ्यात हात घातला. तिथे केळीच्या पानाची पुडी होती. ती तिने सोडली आणि त्यातले अकारा चार अकारांच्या शेजारी ठेवले. रंगाने पिवळट, मिरचीचा लाल ठिपका नसलेले. तीन.

बाईंनी त्यातला एक मोडला. वास घेतला. खाल्ला. मग तिखटातला एक मोडून खाल्ला आणि त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. शिपायाने पाठीवर थाप मारावी की नाही, असा हात वर धरला.

“मिरची चांगली आहे,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “मोजून का ओरडतेस गं?”

“तिखट पुष्कळ आहेत, पण फिके तीनच उरलेत, मॅडम. जास्त सांगितलं तर लोक येतात आणि तोंड वाकडं करून जातात.” त्या आवाजात खोट नव्हती. ओफुरेला आईच्या आवाजातली खोट ओळखू आली असती.

ओफुरेच्या छातीवरचा दगड हलला. हलला आणि तिथेच थांबला, कारण दुसऱ्या शिपायाने पैसे देता देता विचारलं, “आई, तुझं नाव काय? रोज असतेस का इथे?”

“मला ओफुरेची आई म्हणतात.”

झालं!

एकानेम बाईंनी अकारा चावता चावता मान वर केली. सावकाश वळल्या. केळीच्या पानांमधून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकीत गज धरून उभी असलेली ओफुरे त्यांना दिसली.  ओफुरेला वाटलं, पळावं. कुठे पळणार? बाहेर आई, आत आपण, मधे त्या.

बाई परत हॉलमध्ये आल्या. चपलांचा आवाज जवळ जवळ आला आणि ओफुरेच्या बाकापाशी थांबला. त्यांच्या हाताला मिरचीचा वास येत होता.

“रोजचीच अकारावाली, नाही का?” त्या इतक्या हळू म्हणाल्या की इतोहानलाही ऐकू गेलं नसेल.

ओफुरेने मान खाली घातली. गालांवरून पाणी ओघळून पेपरावर पडलं.

“पेपर पूस, शाई पसरेल.” बाईंनी पेपर तिच्याकडे सरकवला. “तुझी आई परातीत असेल तेच ओरडते, एवढंच मी आज लिहिणार आहे. त्यापलीकडे मला काय वाटलं ते लिहिणार नाही. पण शेवटच्या पेपरापर्यंत मी ह्याच केंद्रावर आहे. कळलं?”

“हो, मॅडम.”

त्या उरलेला सगळा वेळ हॉलमध्येच बसल्या. पुढची गणितं कुणाला कशी सुटली कोण जाणे. बाहेरून एकदाही आवाज आला नाही.

घंटा होताच ओफुरे जी सुटली ती थेट कुंपणापाशी. आई उरलेले अकारा फडक्यात बांधून, परात पालथी घालून तिच्यावर बसली होती. ओफुरेने तिच्या गळ्यात हात टाकले.  मग ओफुरेने तिला मागे ढकललं.

“आई, तू उलटं ओरडलीस! सरांनी तुला तीन तिखट, चार फिके सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी ओरडले तेव्हा तो बाबा कुंपणाआडून हात जोडत होता, डोकं धरत होता. म्हणे, ‘उलट, उलट!’ मी म्हटलं, उलट कसं ओरडू? फिके आहेत तीन. चौथा फिका मी कुठून आणू? परातीत नसलेला? म्हणून चार तिखटांना दिले, तीन फिक्यांना.”

“पण तू तर फिके करणारच नव्हतीस!”

“करणार नव्हते. मग झोप येईना. फिके ओरडायचे आणि परातीत एकही नाही, हे काही मला जमेना. पहाटे थोडं पीठ मिरची घालायच्या आधी बाजूला काढलं. चारच झाले त्याचे.”

“मग चौथा कोणी नेला?”

आईने तिच्याकडे असं पाहिलं की हिला खरंच शाळेत काही शिकवतात की नाही. “कोणी नेला काय! तूच नाही का खाल्लास सकाळी? पोटात कालवत होतं ना तुझ्या भीतीने? म्हणून तुझ्यासाठी ठेवला.”

ओफुरे मटकन मातीत बसली. चौथा फिका परातीत असता, तर आईने सरांचं ऐकलं असतं. तीन तिखट, चार फिके. चाळीस पेपरांवर तेच उत्तर, बरोबर चिन्हांसकट, आणि निरीक्षक बाईंपुढे म्हणायला ओफुरेकडे एक अक्षरही नसतं. तिला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम.

लाकडांच्या ढिगामागून ओडियन सर उठले. शर्टाला भुसा लागला होता. त्यांना ऐगबोखानचा निरोप द्यायचा होता, शुक्रवारी रसायनशास्त्र आहे, तर ओफुरेच्या आईने...

“शुक्रवारी मी चर्चच्या वळणावर बसणार आहे,” आई म्हणाली आणि परात उचलून डोक्यावर ठेवली. “तुमच्या साहेबांना सांगा, पोरीचं कार्ड आता तिच्या हातात आहे. आणि कुंपणाशी तुम्हीच उभे राहा.”

रस्त्यावर जीप अजून उभी होती. दोघी तिच्या बाजूने गेल्या तेव्हा ओफुरेने आईचा हात घट्ट धरला. जीप मागे पडली तरी तिने तो सोडला नाही.